जुन्या ट्रॅक्टरचा मागचा भाग: काय बदलायचं, काय करून घ्यायचं, कशाला हात लावायचा नाही

हातकणंगले तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलंय: ३५ अश्वशक्तीचा, पंचवीसेक वर्षांचा ट्रॅक्टर आहे. हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो. क्लच सोडला की मागं ‘कट्’ असा दणका बसतो. तिसरा गिअर उतारावर आपोआप सुटतो. रस्त्यावर वेग घेतला की मागून घुमल्यासारखा आवाज येतो, आणि डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं तेल गळतं. एक मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्ससकट सगळा मागचा भाग बदला. दुसरा म्हणतो, क्लच शाफ्टच्या झिजलेल्या स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांब खाचा-दातांवर) वेल्डिंग भरून लेथला लावू, काम भागेल. काय करावं?

दोन्ही सल्ले मला मान्य नाहीत. पहिल्यात पैसा वाया जातो, दुसऱ्यात भर हंगामात ट्रॅक्टर रस्त्यात उभा राहतो. तुमच्या चार तक्रारी चार वेगवेगळ्या जागांच्या असू शकतात. आणि झिजलेला भाग सापडला म्हणजे काम संपलं असंही नाही. तो तिथंच का झिजला हे कळेपर्यंत नवा पार्ट विकत आणू नका. कारण तसंच राहिलं तर नवा पार्टही जुन्याच्याच वाटेनं जातो, फक्त लवकर.

आधी ट्रॉलीचं बोलू, कारण आपल्या भागात मागच्या गिअरांचं आयुष्य नांगरापेक्षा ट्रॉली जास्त खाते. ३५ अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर साधारण साडेबारा किलोग्रॅम-मीटर टॉर्क देतं. पहिल्या गिअरात एकूण घट (चाकाच्या एका फेरीमागं इंजिनच्या फेऱ्या) १०० पट धरली तर हिशोबानं दोन्ही अ‍ॅक्सलवर मिळून साडेबाराशे किलोग्रॅम-मीटर व्हायला पाहिजे. नांगरटीत एवढा जोर तिथवर पोचतच नाही, त्याआधी चाक घसरतं. ट्रॉलीचं तसं नाही. पहिल्या ट्रॉलीच्या दांडीचं वजन हुकावर येतं, मागची चाकं जमिनीत दाबली जातात, पुढची हलकी होतात. चाक घसरत नाही, मग तो सगळा जोर क्राऊनच्या (लहान पिनियन गिअर ज्याला फिरवतो त्या मागच्या मोठ्या गिअरच्या) दातांवर, डिफरन्शियलच्या (वळताना दोन चाकांना वेगवेगळा वेग देणाऱ्या भागाच्या) स्टार गिअरांवर आणि क्लच प्लेटच्या हबवर (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागावर) येतो. ओल्या फडातून भरल्या ट्रॉल्या रस्त्यावर चढवताना क्लच झटक्यात सोडला की तेवढ्या एका क्षणात जे होतं ते महिनाभराच्या नांगरटीत होत नाही. तुमच्या ट्रॅक्टरची झीज तपासताना हे डोक्यात ठेवा.

आता ‘कट्’ आवाज. हा आवाज म्हणजे कुठंतरी साठलेली चाल (दोन भागांमधली मोकळीक) एकदम भरून निघते. बहुतेक जण मागचं एक चाक जॅकवर उचलतात, हातानं हलवून बघतात आणि हलतंय म्हटल्यावर ‘क्राऊन गेला’ असं सांगून मोकळे होतात. हे अर्धवट आहे. चाकाजवळची चाल चाकावर जशीच्या तशी दिसते. इंजिनजवळची चाल मधल्या गिअरांनी भागली जाऊन दिसते. क्लच शाफ्टवर १० अंशांची चाल असेल आणि त्या गिअरची एकूण घट ५० पट असेल, तर चाकावर ती अंशाचा पाचवा भाग दिसते, म्हणजे हाताला कळतच नाही. उलट इंजिनाच्या बाजूनं जोर आला की तीच चाल मोठा दणका देते. म्हणून चाक हलवून फक्त मागचा भाग तपासता येतो. क्लच शाफ्टसाठी क्लच हाऊसिंगच्या खिडकीतून बघावंच लागतं.

मागची तपासणी अशी करा. सपाट जागा, इंजिन बंद, ट्रॅक्टर गिअरमध्ये, तीन चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. एक मागचं चाक उचला आणि अ‍ॅक्सल हाऊसिंगखाली भक्कम टेकू द्या. जॅकवर भरवसा ठेवून खाली कुणीही जायचं नाही. लिफ्टचं वरचं झाकण उतरवलं की बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत क्राऊन आणि बुलगिअर (अ‍ॅक्सलवरचा शेवटचा मोठा गिअर; त्याला फिरवतो तो बुलपिनियन) दिसतात. एकानं चाक हळूहळू पुढं-मागं करायचं, दुसऱ्यानं बॅटरी लावून आत बघायचं. चाकापासून आत जाताना हालचाल कुठं येऊन थांबते ते बघा: बुलगिअर हलतो पण बुलपिनियन थांबतो, की पिनियनही हलतो आणि क्राऊन थांबतो, की क्राऊनही हलतो. हालचाल जिथं थांबते तिथं चाल आहे. रिमवर खडूनं खूण करून दोन टोकांमधलं अंतर मोजा. काही मिलिमीटर चाल चांगल्या ट्रॅक्टरलाही असते. बोटाच्या रुंदीएवढी असेल तर मागं काम आहे. सगळ्या ट्रॅक्टरांना बुलगिअर नसतो हेही लक्षात ठेवा. महिंद्रा बी-२७५ च्या घराण्यात तो आहे. मॅसी १०३५ च्या घराण्यात क्राऊनवरून सरळ अ‍ॅक्सल जातो, जादा घट गिअरबॉक्समधल्या एपिसायक्लिकमध्ये (मधल्या गिअरभोवती लहान गिअर फिरतात त्या संचात) असते. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं निदान आपल्याला लावू नका.

तेल काढाल तेव्हा ते फेकू नका. रुंद पातेल्यात धरा आणि उन्हात बघा. पिवळसर चमक म्हणजे गनमेटलचे वॉशर किंवा बुश झिजतायत. चंदेरी बारीक भुकटी जुन्या ट्रॅक्टरला थोडी असतेच. पापुद्र्यासारखे तुकडे असतील तर दाताचा किंवा बेरिंगचा वरचा टणक थर सुटतोय, मग खोलल्याशिवाय गत्यंतर नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोळ, हातकणंगले, करवीरमधले कितीतरी ट्रॅक्टर पाण्यात होते. नुसतं तेल बदलून पुढं चालवलेल्या ट्रॅक्टरांत एक ठरावीक गोष्ट आढळते: बेरिंगच्या कड्यावर रोलरच्या अंतरानं गंजाचे खड्डे. पाण्यात उभा असताना रोलर जिथं टेकले होते तिथं गंज धरला. घुमण्याचा आवाज पुष्कळदा तिथून येतो आणि क्राऊन-पिनियन विनाकारण बदललं जातं. तुमचा ट्रॅक्टर पुरात होता का, ते आधी आठवा.

घुमणारा आवाज ओळखायला सपाट, मोकळा रस्ता घ्या, ट्रॉली सोडून. वेगात असताना रेस सोडा. आवाज बदलला तर क्राऊन-पिनियनचे दात किंवा पिनियनचे बेरिंग संशयित. ओढताना आवाज आणि रेस सोडल्यावर शांत, तर दातांची ओढणारी बाजू. मग गिअर न्यूट्रल करून गाडी तशीच घरंगळू द्या. तरीही तोच आवाज राहिला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूचा संबंध नाही, मागंच बघायचं.

आता क्लच शाफ्ट, कारण वेल्डिंगचा सल्ला त्याच्यावर आलाय. स्प्लाइन किती झिजले हे ठरवायला एक साधी रीत आहे. नवी क्लच प्लेट जुन्या शाफ्टवर चढवा. हब नेहमी बसतो तिथं प्लेट पिळून बघा, मग प्लेट सरकवून हब कधीच पोचत नाही अशा भागावर न्या आणि परत पिळा. दोन्हीकडच्या चालीतला फरक म्हणजे शाफ्टची झीज. तुलना त्याच शाफ्टशी होते, त्यामुळं कुणाच्या अंदाजावर विसंबायला नको. दाताच्या कडेवर नख फिरवा. पायरी लागली तर प्लेट त्या पायरीत अडकते, मोकळी सरकत नाही, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खरखर होते.

वेल्डिंग का नको? हा शाफ्ट आत चिवट आणि वरून टणक केलेला असतो. केस हार्डनिंगचा टणक थर साधारण १ मिलिमीटरचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो थर मऊ पडतो, शाफ्ट वाकतो, आणि भरलेल्या धातूच्या कडेला बारीक तडे जातात. लेथवर सरळ केल्यासारखा दिसला तरी दातांचा अंतर-कोन बरोबर येत नाही. मग सगळ्या दातांऐवजी दोन-तीनच दात जोर घेतात. त्यात तो शाफ्ट गिअरसकट एकाच तुकड्यात असेल तर तुटलेला दात गिअरबॉक्समध्ये पडतो आणि थोड्या पैशांच्या कामाचं मोठं काम होतं. शाफ्ट आणि क्लच प्लेट दोन्ही नवीन, एकत्र टाका. नव्या शाफ्टवर झिजलेला हब किंवा झिजलेल्या शाफ्टवर नवा हब टाकणं म्हणजे नव्या वस्तूचं आयुष्य जुन्याच्या नावावर करणं.

पण मुद्दा राहतोच: स्प्लाइन झिजले का? फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेरिंग बघा. ते जाम किंवा ढिलं झालं की शाफ्टचं पुढचं टोक डुलतं आणि हब प्रत्येक फेरीत थोडा घासतो. इंजिन आणि क्लच हाऊसिंग एका रेषेत धरणाऱ्या डॉवेल पिना जागेवर आहेत का ते बघा. मागं कुणी घाईत ट्रॅक्टर जोडताना पिना हरवल्या आणि नुसत्या बोल्टांवर काम भागवलं, असं खूपदा आढळतं. बोल्टाच्या भोकात मोकळीक असते, त्यामुळं इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत राहत नाहीत. क्लच प्लेटच्या डॅम्परच्या (झटका शोषणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा ढिल्या आहेत का, तेही बघा. पायलट बेरिंग स्वस्त आहे; ट्रॅक्टर दोन भागांत खोलला की ते आणि रिलीज बेरिंग बदलायचंच, चांगलं दिसलं तरी.

ट्रॅक्टर दोन भागांत करताना एक काळजी जिवाशी संबंधित आहे. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो. मागचा भाग सुटला की इंजिन एका बाजूला कलंडू शकतं. म्हणून आधी पुढच्या अ‍ॅक्सल आणि वरच्या ब्रॅकेटमध्ये दोन्हीकडं लाकडी पाचरी ठोका. इंजिनच्या मागच्या टोकाखाली आणि गिअरबॉक्सखाली वेगवेगळे टेकू द्या, लिफ्ट खाली आणा, मगच बोल्ट सोडा. भाग वेगळे करताना मध्ये कुणी उभं राहायचं नाही.

तिसरा गिअर सुटण्याचं सांगतो. उतारावरच सुटतो ही चांगली खूण आहे. उतारावर चाकं इंजिनाला ढकलतात, म्हणजे दाताची उलटी बाजू जोर घेते. ती बाजू निमुळती झाली असेल तर गिअर स्वतःच बाहेर सरकतो. पण लगेच गिअर मागवू नका. सिलेक्टर रॉडची (गिअर बदलणाऱ्या दांड्याची) गोळी आणि स्प्रिंग, फोर्कची (गिअर ढकलणाऱ्या चिमट्याची) जाडी, फोर्कचा लॉक बोल्ट हे सगळं वरचं झाकण काढून तपासता येतं. स्प्रिंग दमली असेल तर खर्च नगण्य. फोर्क एका बाजूला झिजलेला असेल तर गिअर पूर्ण आत जातच नव्हता; अर्ध्याच दातावर चालून त्याचं टोक गोल झालं असणार, मग फोर्क आणि गिअर दोन्ही. आणि शाफ्टचं बेरिंग ढिलं असेल तर गिअर तिरका चालतो, अशा वेळी काहीही नवीन टाकलं तरी परत सुटतो.

क्राऊन-पिनियनकडं येऊ. इथं सर्वात जास्त पैसा जातो आणि इथंच सर्वात जास्त चुकीचं काम होतं. चाल वाढलेली दिसली की काही जण शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) काढून क्राऊन पिनियनजवळ ढकलतात. बेरिंग ढिलं झाल्यामुळं चाल वाढली असेल तर बेरिंग बदला आणि जुन्याच शिम जशाच्या तशा लावा, दात आपल्या मूळ जागी येतील. पण दात झिजल्यामुळं चाल वाढली असेल तर शिम काढून ती भरू नका. इतकी वर्षं एकमेकांत घासून दोन्ही दातांनी आपला आकार धरलेला असतो. ते जवळ आणले की न झिजलेली कड दुसऱ्या दातावर चढते. आवाज वाढतो आणि दात तुटतो. चाल जास्त पण दात गुळगुळीत, खड्डे नाहीत, आवाज नाही, असं असेल तर तसंच चालू द्या. माझं हे मत अनेकांना पटत नाही, पण मी त्यावर ठाम आहे. खोलताना डाव्या-उजव्या शिमा वेगवेगळ्या तारेत ओवून चिठ्ठी लावा, त्या मिसळल्या तर मूळ जागा कायमची गेली.

दातांना खड्डे पडले असतील, टोक उडालं असेल, तर जोडी बदला. एकटा क्राऊन किंवा एकटं पिनियन कधीच नाही. कारखान्यात ही जोडी एकमेकांवर घासूनच तयार करतात आणि दोन्हींवर एकच जुळणीचा नंबर कोरलेला असतो. दुकानात तो नंबर ताडून घ्या. बसवताना दातांना मार्किंग ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून हातानं फिरवा आणि ठसा बघा. बिनओझ्याचा ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध आणि लांबीत किंचित आतल्या, लहान टोकाकडं हवा, कारण ओझं आलं की तो बाहेरच्या टोकाकडं सरकतो. ठसा दाताच्या शेंड्यावर आला तर पिनियन क्राऊनच्या केंद्राकडं सरकवा, मुळात आला तर मागं घ्या. लांबीत अगदी आतल्या टोकाला आला तर क्राऊन पिनियनपासून लांब न्या, बाहेरच्या टोकाला आला तर जवळ आणा. प्रत्येक बदलानंतर डायलवर चाल मोजा, क्राऊनच्या तीन-चार जागी. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातलाच धरा. पिनियन बेरिंगचा ताण तपासायला महागडं साधन लागत नाही: फ्लँजवर दोरी गुंडाळा आणि स्प्रिंगच्या काट्यानं ओढून फिरवायला किती किलो लागतात ते बघा. त्या किलोला फ्लँजच्या त्रिज्येनं गुणलं की पुस्तकातल्या आकड्याशी ताडता येतं.

बुलगिअरची एक युक्ती सांगतो, पैसे वाचवणारी. पुढं जाताना दाताची एकच बाजू राबते, दुसरी जवळजवळ नवी असते. डाव्या आणि उजव्या बाजूचा पार्ट नंबर एकच असेल तर बुलगिअर आणि बुलपिनियन जोडीनं डावीकडचे उजवीकडं आणि उजवीकडचे डावीकडं टाका. दोन्ही आपापली न झिजलेली बाजू घेऊन काम करू लागतात. दाताला तडा किंवा मोठे खड्डे असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही.

आपण कोल्हापुरात आहोत याचा फायदा घ्या. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावात लेथ, मिलिंग, हॉबिंग, बोरिंग, हीट ट्रीटमेंट सगळं काही किलोमीटरच्या आत मिळतं. काय करून घ्यावं? डिफरन्शियलची क्रॉस पिन, गनमेटलचे वॉशर, बुश, स्पेसर, आणि सीलच्या जागी शाफ्टला पडलेल्या खाचेवर पातळ स्लीव्ह. बेरिंगचं बाहेरचं कडं फिरून हाऊसिंगचं भोक मोठं झालं असेल तर बोरिंग करून कास्ट आयर्नची घट्ट स्लीव्ह बसवून मूळ मापाला आणा. मात्र समोरच्या भोकाशी रेषा जुळवून, मूळ मशिन केलेल्या फेसवरून माप धरून. पंच मारून भोक आवळणं किंवा पत्र्याची पट्टी घालणं म्हणजे बेरिंग तिरकं बसवणं. क्रॉस पिन केस हार्डन होणाऱ्या पोलादातच हवी, ईएन-३५३ किंवा २० एमएनसीआर ५. साध्या ईएन-८ ची पिन हंगामही काढत नाही. हीट ट्रीटमेंटनंतर रॉकवेल सी मापावर ५८ ते ६२ आलं का ते विचारा आणि स्वतः कानस मारून बघा, कानस घसरली पाहिजे. क्राऊन-पिनियन मात्र एकट्या नगात करून घेऊ नका; ते यंत्र आणि ती जुळणी वेगळी आहे.

डाव्या बाजूच्या तेलगळतीला सील बदलण्याआधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक) साफ करा. ब्रीदर चिखलानं बंद असेल तर गरम झालेलं तेल दाबानं सीलमधून बाहेर पडतं. तेलाची पातळी जास्त नाही ना, तेही बघा. मग अ‍ॅक्सल वर-खाली हलवून बेरिंगची चाल तपासा, कारण ढिल्या अ‍ॅक्सलवर नवं सील महिनाभरही टिकत नाही. तेल ब्रेकच्या लायनिंगवर गेलं असेल तर लायनिंग धुऊन परत वापरू नका. भरल्या ट्रॉल्या मागं असताना एका बाजूचा ब्रेक न लागणं जिवावर बेततं.

तुमच्या वर्णनावरून मला क्लच शाफ्ट-प्लेट, तिसऱ्याचा फोर्क आणि डाव्या अ‍ॅक्सलचं बेरिंग हे तीन संशयित वाटतात. क्राऊन-पिनियन वाचेल असा माझा अंदाज आहे. सगळा मागचा भाग बदलण्यासारखं यात काही दिसत नाही. हे काम कारखाने सुरू व्हायच्या आधी, पावसाळ्यात करा. हंगाम लागला की उद्यमनगरात रांग असते आणि घाईत शिम-डॉवेल विसरले जातात.

जोडताना मूळ जाडीचंच पॅकिंग वापरा. काही जागी पॅकिंग हीच शिम असते, दोन थर लावले की बेरिंगचा ताण बदलतो. तेल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं भरा, विशेषतः हायड्रॉलिक आणि गिअर एकाच तेलावर चालत असतील तर दुकानदार देईल ते गिअर ऑइल ओतू नका. पहिले ५० तास एकच ट्रॉली, तीही अर्धी, आणि क्लच सावकाश. मग तेल काढून ड्रेन प्लगचं चुंबक पुसा, अ‍ॅक्सल आणि हाऊसिंगचे बोल्ट टॉर्क पान्यानं परत तपासा आणि नवं तेल भरून दोन ट्रॉल्या जोडा.